ग्रुएसा म्हणजे जाड

१५ नोव्हेंबर १८५८

आजपासून रोज नाही तरी जमेल तसं लिहीन. आडतीच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी होती, ती देवराजनं फाडून मला दिली. म्हणाला, "गुणाजी, आता तू नुसता गोण्या तोलणारा राहिला नाहीस. लिहिणाऱ्याकडं स्वतःची वही पाहिजे."

झालं असं. गेल्या आठवड्यात 'दोलोरेस' नावाचं स्पेनचं जहाज इथं, या बेटाच्या पोर लुई बंदरात आलं. मनिलाहून साखर आणि दोरखंडाचा वाख भरून निघालेलं. वाटेत पुढची डोलकाठी मोडली, तळाला पाणी लागलं. दुरुस्तीला पैसा हवा म्हणून कप्तान आमच्या आडतीत आला. त्याचं नाव डॉन इग्नासियो. त्याला स्पॅनिशखेरीज एक शब्द येत नाही, कर्जाचे सगळे कागद स्पॅनिशमध्ये, आणि इथल्या कोर्टात इंग्रजी चालते म्हणून सावकार इंग्रजी नकलेशिवाय थैली सोडत नाहीत.

मी मनिलात सात वर्षं एका स्पॅनिश व्यापाऱ्याच्या वखारीत होतो. स्पॅनिश मला वाचता येतं, बोलता येतं. इंग्रजी येत नाही. देवराज मुंबईत मिशनच्या शाळेत शिकला, त्याचं इंग्रजी मालकसुद्धा वाखाणतात, पण स्पॅनिश त्याच्या कानावरूनही गेलेलं नाही. तेव्हा त्यानंच मालकाला तोड सुचवली. मी स्पॅनिशचं मराठी करून सांगायचं, त्यानं मराठीचं इंग्रजी करून लिहायचं. खाली सही एकट्या देवराजची, कारण दुभाषा म्हणून नाव त्याचं लागलेलं आहे. मला महिना चार रुपये जास्त.

माझ्यासाठी एवढं कोण करतं? नऊ वर्षांपूर्वी आम्ही दोघं मुंबईहून एकाच जहाजातून आलो. मी तापानं फणफणलो होतो तेव्हा त्यानं आपल्या वाटणीचं पाणी मला पाजलं होतं. जहाजीभाऊ म्हणतात तो असा.

१८ नोव्हेंबर

कामाला गोडी आहे. वखारीच्या ओसरीवर आम्ही समोरासमोर बसतो. मी म्हणतो, "फियादोर. म्हणजे जामीन." तो लिहितो. "इपोतेका, गहाण. प्रेन्दा, तारण. प्लासो, मुदत." काही शब्दांशी तास जातो. 'क्रेदितो' म्हणजे कर्ज असं मी आधी सांगितलं, मग वाटलं, नाही, पत. ज्याला पत आहे त्यालाच कर्ज मिळतं हे खरं, पण दोन्ही एक नव्हेत. देवराज हसला. म्हणाला, "तुझ्यासारखा माणूस इतकी वर्षं गोण्या तोलत होता!"

एक शब्द अडला. 'आ ला ग्रुएसा'. कप्तानाच्या मुख्य कर्जरोख्यावर तोच मथळा आहे. ग्रुएसा म्हणजे जाड, एवढं मला ठाऊक. जाड कर्ज म्हणजे काय? मनिलात मी तांदूळ आणि वाख मोजत होतो, जहाजांची कर्जं मालक वरच्या मजल्यावर करत. खालची कलमं सावकार ठरल्यावर भरायची होती, त्यांचीही मदत नाही. शेवटी म्हटलं, "मोठं कर्ज असं लिही सध्या." त्यानं लिहिलं.

२२ नोव्हेंबर

देवराजला जेवायला बोलावलं होतं. माझ्या बायकोनं, वत्सलानं, सुकटीचं कालवण केलं. गंगाकाकी दूध घालायला आली होती, तिलाही बसवून घेतलं.

काकी आमच्या मागच्या गल्लीत राहते. तिच्या चार गाई आहेत. त्रियोलेच्या कोठीवर, गोऱ्यांच्या उसाच्या मळ्यात, नवरा ऊस तोडता तोडता वारला, त्यानंतर ती एकटी शहरात आली आणि दूध विकून उभी राहिली. वत्सलाचं पहिलं मूल गेलं तेव्हा सव्वा महिना हिचं सगळं तिनं केलं. मला नावानं हाक मारणारी या बेटावर तीच एक वडीलधारी आहे.

जेवताना मी सहज बोलून गेलो, की काकीनं सोळा वर्षांत सातशे रुपये साठवलेत. तिची मुलगी देवगडकडं मामाच्या घरी वाढली. आता तिकडं जाऊन मुलीच्या नावानं चार गुंठे जमीन घ्यायची आणि उरलेले दिवस तिच्या दारात काढायचे, असं काकीच्या मनात आहे. येत्या मे महिन्यातल्या जहाजाला तिनं नावही लावलंय.

"सातशे?" देवराज म्हणाला. "नुसते मडक्यात ठेवलेत, काकी?"

"मडक्यात नाय, गव्हाणीखाली," काकी म्हणाली, आणि सगळे हसलो.

तो गेल्यावर वत्सला म्हणाली, "दुसऱ्याच्या पैशाची गोष्ट तुम्ही कशाला काढलीत?" मी म्हटलं, देवराज काय परका आहे?

२७ नोव्हेंबर

ग्रुएसाचा उलगडा झाला! आज जहाजावर गेलो होतो. तिथल्या म्हाताऱ्या सुताराशी बोलता बोलता विचारलं. तो म्हणाला, जहाज सुखरूप पोचलं तर सावकाराला मुद्दल आणि वर भरभक्कम नफा. जहाज बुडालं तर कर्जही बुडालं, कुणी कुणाचं देणं नाही. समुद्राची जोखीम सावकाराच्या डोक्यावर.

म्हणजे ही तर आपली जोखमी हुंडी! वेंगुर्ल्याला मामाच्या दुकानात मी लहानपणी ऐकलेली. मचवा पोचला तर हुंडी वटणार, नाही तर नाही. इतका जुना शब्द डोक्यात असून आठवला नाही याची लाज वाटली.

तसाच धक्क्यावर गेलो. देवराज तिथं एकटाच पिंपं मोजून घेत होता. सगळं सांगितलं. त्यानं पिंपं मोजायचं थांबवलं. मग म्हणाला, "दुसऱ्या कुणाला बोललास?"

"नाही. आधी तुलाच."

"बरं केलंस. मी दुरुस्त करून टाकतो. तू आडतीत वाच्यता करू नकोस. मालक म्हणतील, आधी चूक लिहिलीच कशी? तुझे चार रुपये जातील."

माझी बाजू त्यानं सांभाळून घेतली.

३ डिसेंबर

कप्तानाला मोठी रक्कम एका गुजराती सावकारानं दिली. शेकडा तीस! ऐकून माझे डोळे पांढरे झाले. तरी शिडं आणि शिधा यांसाठी आणखी सातशे हवे आहेत.

संध्याकाळी देवराज काकीच्या गोठ्यात आला होता. म्हणाला, सहा महिन्यांसाठी दिलेस तर शेकडा बारा मिळतील. अख्खं जहाज तारण. काकीनं विचारलं, "मी मे महिन्यात जाणार, मग पैसे कोण देईल?" तो म्हणाला, "मेच्या आधी स्पेनच्या कादिस बंदरातून हुंडी येईल. आडतीतून मोजून घे."

मी बाहेर आल्यावर त्याला विचारलं, सावकाराला तीस आणि काकीला बारा कसे? तो म्हणाला, "मोठ्या रकमेला मोठं व्याज. व्यापाराची रीत आहे ती." असेल. काकीचं तर साधं तारणाचं कर्ज. माझा हिशेब गोण्यांपुरता.

६ डिसेंबर

काकीनं अंगठा दिला.

सकाळी देवराज कागद घेऊन आला. तीन पानं, सुंदर अक्षर, खाली लाल लाख. मी म्हटलं, स्पॅनिश प्रतही बघू. तो म्हणाला, "ती मालकांच्या पेटीत. ही तिचीच नक्कल, तूच सांगितलेल्या शब्दांत मी लिहिलेली." मग इथल्या बोलीत हसून म्हणाला, "पा त्राकासे." काळजी नको.

काकीनं कागदाकडं बघितलंही नाही. ती माझ्याकडं बघत होती. "गुणा, तू वाच. बरा आहे ना कागद?"

मी कागद हातात घेतला. पहिल्या पानावरून नजर फिरवली, दुसऱ्या, तिसऱ्या. काकीला वाटतं मला गोऱ्यांच्या सगळ्या भाषा येतात. गल्लीत ती तसं सांगतही फिरते. देवराज उभा होता, शेजारच्या बायकाही दारात जमल्या होत्या. मी म्हटलं, "बरा आहे, काकी. बिनघोर दे."

तिनं शाईत अंगठा बुडवला.

आता लिहिताना वाटतं, मला इंग्रजी वाचता येत नाही एवढं तरी बोलायला हवं होतं. पण खोटं तरी काय बोललो? माझेच शब्द होते ते, देवराजच्या अक्षरात.

१४ डिसेंबर

'दोलोरेस' आज निघालं. डॉन इग्नासियोनं मला मिठी मारली. या बेटावर त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलणारा मी एकटाच होतो. नावेत उतरताना म्हणाला, "त्या दूधवाल्या बाईला माझा नमस्कार सांग. फार शूर बाई. बारा टक्क्यांवर एवढं धाडस पुरुषही करत नाहीत."

काकीला सांगितलं तर ती लाजली. म्हणाली, "शूर कसली! गाईच्या लाथा खाऊन पाठ टणक झाली, एवढंच."

२३ डिसेंबर

देवराजनं नवा कोट शिवला, चांदीचं घड्याळही घेतलं. मला दहा रुपये आणि वत्सलाला एक लुगडं दिलं. मी म्हटलं, एवढं कशाचं? तो म्हणाला, "मालकांनी बक्षीस दिलं, त्यात तुझा वाटा." वत्सलानं लुगडं घडीही न मोडता ट्रंकेत टाकलं. बायकांची मनं कळत नाहीत.

२० जानेवारी १८५९

उकाडा. दुसरं स्पॅनिश जहाज आलं नाही, तेव्हा मी पुन्हा तराजूवर. चार रुपये चालू आहेत.

१९ फेब्रुवारी

तीन दिवस वादळ. आमच्या घराचं छप्पर राहिलं, काकीच्या गोठ्याचं निम्मं उडालं. मी आणि वत्सलानं जाऊन ताडपत्री बांधली.

२ मार्च

वाईट बातमी. केपहून आलेल्या जहाजानं सांगितलं, 'दोलोरेस' आफ्रिकेच्या दक्षिणेला बुडालं. माणसं होड्यांत उतरली, एका डच जहाजानं त्यांना उचललं. कप्तान वाचला. माल, जहाज, सगळं गेलं.

गल्लीत बातमी माझ्याआधी पोचली होती. काकी गोठ्याच्या उंबऱ्यावर बसली होती, गाईंचं दूध काढायचं राहिलं होतं. मी शेजारी बसलो. म्हटलं, "काकी, जहाज बुडालं तरी कागद बुडत नाही. कप्तान जिवंत आहे, त्याचा मालक कादिसला बसलाय. तुझे पैसे येणार."

"खरं ना?"

"अगदी खरं."

ती उठली आणि चरवी घेऊन गाईखाली बसली.

४ मार्च

सकाळी गुजराती सावकार आडतीत आला होता. त्याचे तर हजारो गेले. मी म्हटलं, शेठ, कादिसला अर्ज लावणार ना? त्यानं माझ्याकडं असं पाहिलं जणू मी खुळा आहे. "अर्ज कसला? ग्रुएसाचं कर्ज ते. बुडालं म्हणजे बुडालं. उगीच तीस टक्के घेतले होते का? अशी चार जहाजं पोचतात तेव्हा एकाचं दुःख निघतं."

त्या सकाळी मी पुढं एकही गोणी तोलली नाही.

दुपारी मालक जेवायला गेल्यावर कारकुनाला विनवून पेटी उघडायला लावली. काकीच्या रोख्याची स्पॅनिश प्रत वर होती. पहिल्याच ओळीत 'आ ला ग्रुएसा'. खाली तिचं नाव, सातशे रुपये, शेकडा बारा. शेजारी इंग्रजी नक्कल. कारकुनाला म्हटलं, मथळा वाच. तो इथलाच, क्रेओल माणूस, इंग्रजी जाणणारा. त्यानं वाचून मला इथल्या बोलीत, क्रेओलमध्ये सांगितलं: मोठं कर्ज, जहाजाच्या तारणावर.

जहाज बुडालं तर काय, याबद्दल इंग्रजीत काही आहे का, मी विचारलं. त्यानं तिन्ही पानं चाळली. नाही म्हणाला. स्पॅनिशमध्ये ते पूर्ण कलम आहे, चौथं. मी स्वतः वाचलं.

५ मार्च

देवराजच्या घरी गेलो. त्याची बायको बाहेर आली, चहा ठेवते म्हणाली. मी म्हटलं, नको.

"तू दुरुस्त केलं नाहीस," मी म्हणालो.

काय दुरुस्त, असं त्यानं उलट विचारलंही नाही. घड्याळ काढून बघितलं, परत ठेवलं. "केलं असतं तर काकीनं पैसे दिले असते?"

"नसते दिले."

"मग? कप्तानाला सातशे हवे होते. मिळवून देणाऱ्याला शेकडा पाच. त्यातले दहा तुला दिलेच की."

"ते बक्षीस म्हणालास."

"दहा जहाजांतली नऊ पोचतात, गुणाजी! पोचलं असतं तर आज काकी माझ्या नावानं दिवा लावत असती. मला काय ठाऊक ते बुडणार?"

मी म्हटलं, मी मॅजिस्ट्रेटकडं जातो. तेव्हा तो खरा घाबरला. खाली बसला. दोन मुली आहेत, म्हणाला, नोकरी गेली तर त्यांना घेऊन पुन्हा कोठीवर जावं लागेल. "तू काकीचा अर्ज कर. मी अडवणार नाही. बोलावतील तेव्हा मीच सांगेन, इंग्रजी चुकीचं माझ्याकडून गेलं. आडतीला पैसे भरावे लागतील, माझ्या पगारातून कापतील. पण आधीच माझं नाव घेऊन बोंबलू नकोस. एवढं कर. जहाजावरच्या पाण्याची शपथ."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी कबूल झालो. माणूस लोभाला बळी पडला, पण खरं बोलायला तयार आहे. वत्सलाला सांगितलं तर ती भाकरी थापत राहिली.

९ मार्च

अर्ज लिहिणाऱ्याला दोन रुपये देऊन काकीचा अर्ज केला. देवराजचं नाव घातलं नाही. आडतीचं घातलं.

१९ मार्च

होळी. काकी आली नाही.

२८ मार्च

आज कोर्ट होतं. लिहायला हात उठत नाही, पण लिहितो.

आधी स्पॅनिश प्रत माझ्याकडून वाचून घेतली. चौथं कलम मी स्वतःच्या तोंडानं वाचलं आणि हिंदुस्थानीत सांगितलं, कारण कोर्टाच्या दुभाष्याला मराठी कळत नाही. जहाज समुद्रात नष्ट झाल्यास सावकाराला काही मागण्याचा हक्क नाही. काकी बाकावर बसून ऐकत होती. हिंदुस्थानी तिला समजतं.

मग देवराजला उभं केलं. नवा कोट. तो सरळ मॅजिस्ट्रेटशी इंग्रजीत बोलला, बराच वेळ. मध्ये एकदा माझ्याकडं बोट केलं. मला वाटलं, आता कबूल करतोय. मी मान हलवली. हो, मी मान हलवली!

मग कोर्टाच्या दुभाष्यानं मला विचारलं, "हा म्हणतो, स्पॅनिश मला येत नाही, या माणसानं 'मोठं कर्ज' असं सांगितलं, मी तेच लिहिलं. तू मान हलवलीस. कबूल आहे?"

"तसं सांगितलं होतं," मी म्हटलं, "पण नंतर—"

"सांगितलं होतं ना?"

"हो. पण नऊ दिवसांनी बंदरावर सांगितलं, की ही जोखमी हुंडी आहे."

'जोखमी हुंडी'चं दुभाष्यानं काय केलं देव जाणे. दोन शब्दांत उरकलं त्यानं. मॅजिस्ट्रेटनं विचारलं, बंदरावर तिसरा कोण होता? कुणी नव्हतं. पाच मार्चला घरी बोलणं झालं तेव्हा? त्याची बायको. तिला बोलावलं तर ती म्हणाली, हे आले होते, चहाही न घेता गेले, काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही.

देवराजकडं मी बघत होतो. तो छताकडं बघत होता.

निकाल: कप्तानानं सही केलेला कागद स्पॅनिश, तोच खरा. बाईचा दावा चालत नाही. भाषांतर करणाऱ्यांवर नुकसानीचा दावा तिला वेगळा लावता येईल. काकीला ते कुणीतरी समजावून सांगितलं. तिला समजलं की नाही, माहीत नाही.

बाहेर पायऱ्यांवर मी तिला गाठलं. "काकी, मी त्याला सांगितलं होतं. त्यानं फसवलं. तुला आणि मलाही."

ती थांबली. रडली नाही. "त्यानं फसवलं असंल. पण मी त्याला कुठं विचारलं होतं? मी तुला विचारलं होतं."

आणि पदर डोक्यावरून घेऊन एकटीच उतारानं चालू लागली.

३० मार्च

मालकांनी मला काढलं. चुकीचा अर्थ सांगून आडतीची अब्रू घालवली म्हणून. देवराज दुभाषा आहेच.

१२ एप्रिल

धक्क्यावर साखरेच्या गोण्या वाहतो. नाव विचारत नाहीत, खांदा बघतात.

काकीनं दोन गाई विकल्या. गोठ्याचं छप्पर घालायला पैसे लागले म्हणून. वत्सलाकडं येते, बसते, मुलीच्या आठवणी सांगते. मी घरात आलो की उठत नाही, पण तिचं बोलणं थांबतं. माझ्या ताटलीत भाजी तिच्या हातून पडते, शब्द पडत नाही.

मी शंभरदा मनात म्हणतो, गुन्हेगार तो, मग शिक्षा मला का? त्याच्यावर मी नऊ वर्षं विश्वास ठेवला. पाण्याची शपथ घेतली त्यानं. पाण्याची! एकदा वत्सलापाशी हे सगळं बोललो. ती म्हणाली, "तुम्ही त्याच्यावर ठेवला, काकीनं तुमच्यावर ठेवला." मी रागावून बाहेर गेलो.

१७ मे

मुंबईचं जहाज आज गेलं. काकी बंदरावर आली होती. का आली असेल? गावचे दोघं-तिघं जाणार होते, त्यांच्याकडं मुलीसाठी एक गाठोडं दिलं. मी गोण्यांच्या रांगेतून बघितलं. जहाज खाडीबाहेर पडेपर्यंत ती उभी होती. मग सावकाश वळली आणि संध्याकाळच्या दुधाच्या वेळेला घरी पोचायचं म्हणून भराभर चालू लागली.

८ जून

आज धक्क्यावर देवराज समोर आला. मी पाठीवर गोणी घेतलेली. तो म्हणाला, "गुणाजी, मनात ठेवू नकोस. दोघं बुडण्यापेक्षा एक बुडालेला बरा." मी गोणी टाकून त्याच्या अंगावर धावायला हवं होतं. मुकादम ओरडला, आणि मी चालत राहिलो.

माझ्या तापाच्या वेळी पाणी पाजणारा माणूस आणि हा माणूस एकच आहे, हे मला अजून जुळवता येत नाही. तेव्हाचं खोटं होतं असंही वाटत नाही. तेच जास्त लागतं.

३ जुलै

आज रविवार. काकी आमच्या ओसरीवर वत्सलाबरोबर तांदूळ निवडत होती. मी कुंपणाच्या काठ्या बांधत होतो. तेवढ्यात देवराज आला. बरोबर मिठाईचा पुडा, कापडी थैली आणि एक कागद.

मला वाटलं काकी त्याला उभंही करणार नाही. पण ती म्हणाली, "ये, बस. पोरी बऱ्या आहेत?" त्यालाही हे अपेक्षित नसावं. तो चाचरला. म्हणाला, धाकटीला खोकला आहे. काकीनं अडुळशाचा काढा कसा करायचा ते सांगितलं. त्याच्याशी इतकं बोलते आणि माझ्याशी एक शब्द नाही! माझ्या हातातली काठी मोडली.

मग देवराजनं थैली खाली ठेवली. "काकी, यात शंभर रुपये आहेत. माझ्या पदरचे. तुझं नुकसान मला बघवत नाही. पावती म्हणून या कागदावर अंगठा दे, बस."

"पावतीला एवढी पानं?" वत्सला म्हणाली.

"कोर्टाच्या रीतीनं लिहावं लागतं, वहिनी."

काकीनं तांदळाचे हात पदराला पुसले. कागद घेतला, आणि ओसरीच्या कडेशी येऊन माझ्यापुढं धरला.

"वाच," म्हणाली.

कोर्टाच्या पायऱ्यांनंतर माझ्याशी बोललेला पहिला शब्द.

मी कागद हातात घेतला. तेच सुंदर अक्षर. काय लिहिलंय त्याचा मला अंदाज होता. दावा वेगळा लावता येईल, असं मॅजिस्ट्रेट म्हणाला होता, तो लावता येऊ नये म्हणून हा कागद असणार. तसं ठासून सांगावं असं जिभेवर आलं. काकी, यात फसवणूक आहे, मी वाचलंय. देवराजला खोटं पाडायची यापेक्षा चांगली वेळ नव्हती. वत्सला बघत होती. देवराजही बघत होता, आणि त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. त्याला माझं ठाऊक होतं ना.

"मला इंग्रजी वाचता येत नाही, काकी," मी म्हणालो. "त्या दिवशीही येत नव्हतं. लाज वाटली म्हणून बोललो नाही."

देवराजचं हसू गेलं. काकी माझ्या तोंडाकडं बघत राहिली, गाय आजारी आहे का हे बघताना बघते तशी.

मग तिनं कागद माझ्या हातून घेतला, चार घड्या केल्या आणि कमरेला खोचला. देवराजला म्हणाली, "पैसे उचल. कागद राहू दे माझ्यापाशी. वाचणारा गाठते, तो काय सांगतो ते ऐकते, मग अंगठ्याचं बघू."

"कागद असा ठेवता येत नाही, काकी. आडतीचा आहे."

"आत्ता तर पदरचं म्हणालास."

तो उठला. थैली उचलली. मिठाईचा पुडा तिथंच राहिला होता, वत्सलानं तो त्याच्या हातात दिला. कुंपणाशी तो माझ्यापुढं क्षणभर थांबला आणि गेला.

काकी सूप उचलून पुन्हा तांदूळ निवडायला बसली. मी मोडलेली काठी सोडवत होतो. बऱ्याच वेळानं, मान वर न करता, ती म्हणाली,

"एवढंच म्हणायचं होतंस रे तेव्हा."